ऊन दाखवलेले पाहुणे

एका जंगलात, बाळांनो, सिंह नव्हता. त्यामुळे तिथली कामं वेळेवर होत असत.

कोल्हाही नव्हता. ससा होता, पण त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. तेव्हा मध्येच सिंह कुठे गेला म्हणून विचारू नका. ही गोष्ट मुंग्यांची आहे. ज्यांना मुंग्या फार लहान वाटतात त्यांनी जरा खाली वाकून ऐकावं.

तर त्या जंगलात एक करंजाचं झाड होतं आणि त्या झाडावर लाल मुंग्यांचं घर होतं. या मुंग्या जमिनीत राहत नाहीत. हिरवी पानं एकमेकांजवळ ओढायची, कडेला कड लावायची आणि शिवून टाकायची, असं त्यांचं घर. धागा कुठून येतो म्हणाल, तर बाळांच्या तोंडातून. खरंच सांगतो. मोठ्या मुंगीला धागा काढता येत नाही, तो फक्त बाळांना येतो. मग मोठ्या मुंग्या बाळाला तोंडात अलगद धरतात आणि या पानावरून त्या पानावर, त्या पानावरून या पानावर फिरवतात. बाळ धागा सोडत जातं आणि घर शिवलं जातं.

इतर किड्यांची बाळं असल्या धाग्यानं स्वतःभोवती कोष विणतात आणि आत उबेला झोपतात. मुंग्यांची बाळं सगळा धागा घराला देतात आणि स्वतः उघडीच राहतात. त्यांना घरानं सांभाळायचं, असा जुना करार होता.

त्या वर्षी बाळांच्या खोलीचं एक पान पिवळं पडलं. वाऱ्याचे दिवस तोंडावर आले होते. त्याआधी नवं पान ओढून नवी खोली शिवायला हवी होती, नाहीतर पहिल्या मोठ्या झोताला बाळं थेट खाली. हे सगळ्या घराला माहीत होतं. त्यासाठी धागा राखून ठेवला होता, म्हणजे बाळांना भरपूर खाऊ घालून निजवून ठेवलं होतं.

या घरात भागाक्का नावाची मुंगी होती. रफूचं आणि नव्या खोल्या शिवण्याचं खातं तिच्याकडे. पानाला भोक पडलं, अळीनं कुरतडलं, की भागाक्काला बोलावणं जाई. तिनं रफू केलेली जागा नंतर तिची तिलासुद्धा सापडत नसे. याचा तिला फार अभिमान होता, आणि थोडं दुःखही होतं, कारण आल्यागेल्याला दाखवायला काहीच उरत नसे.

भागाक्काचं एक लाडकं बाळ होतं, ठमी. गुटगुटीत, सुस्त आणि धागा असा की बारीकही आणि चिवटही. येताजाता भागाक्का तिच्या पोटावरून हळूच मिशी फिरवून जाई. ठमी झोपेतच वळवळे. तेवढ्यानं भागाक्काचा दिवस बरा जाई.

घरात दोन नियम होते. फाटकं दिसलं की रफू करायचं. आणि पुरा नमुना दिसला की तसा दुसरा शिवायचा. कोणाचं, कशासाठी, हे विचारायचं नाही. शिवणारेच विचारत बसले तर घर कधी उभं राहणार, असं त्यांचे पूर्वज म्हणत. पूर्वज काहीही म्हणत असत, पण ते पूर्वज असल्यामुळे कोणी आडवं बोलत नसे.

आता झुलकिड्यांबद्दल ऐका. हा एक अजब प्रकार. त्यांना पोट नाही, भूक नाही, कामधंदा नाही. पाठीवर एक झूल, पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात तशी, आणि झुलीखाली काटकुळे पाय. संपला झुलकिडा. पण झूल मात्र बघत राहावी अशी. दुपदरी, भरगच्च, दोन्ही पदरांवर बुट्टे. झुलकिडा कसा शिवायचा हे त्या बुट्ट्यांमध्येच काढलेलं असे. त्याला स्वतःला सुई कशी धरायची ते ठाऊक नव्हतं. त्याला फक्त शिवणाऱ्यांच्या घरात शिरायचं असे.

मुंग्यांनी पुरी झूल पाहिली रे पाहिली की त्या नियमाप्रमाणे कामाला लागत. एका झुलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. धागा संपला की घराच्याच शिवणी उसवून धागा काढत. शेवटी घर फाटे आणि झुलकिड्यांची झुंड बाहेर पडून पुढचं झाड शोधू लागे. शेजारच्या जांभळावरचं घर असंच गेलं होतं. तिथल्या मुंग्या शेवटपर्यंत नियमानं वागल्या, असं त्यांच्या शोकसभेत सगळ्यांनी सांगितलं.

यावर उपाय काढला तो राणीआईच्या सभेनं. तुमच्या घरी आई डाळींना, पापडांना, गाद्यांना ऊन दाखवते ना? तसंच येईल त्या पाहुण्याला आधी ऊन दाखवायचं. शेंड्याला एक वठलेली फांदी होती, तिथं सावलीचं नाव नव्हतं. परका आला की झूल नजरेला पडायच्या आत तिच्यावर पान झाकायचं आणि भर दुपारी त्याला तिथं नेऊन उघडं बसवायचं.

उपाय लागू पडला. चटका बसला की झुलीचे शेजारशेजारचे टाके वितळून एकमेकांना चिकटत. कुठं कुठं भोकं पडत. मग नमुना पुरा राहत नसे आणि पुरा नाही म्हणून मुंग्या शिवत नसत. झुलकिडा त्यानं मरत नसे. मुळात तो जिवंत आहे की नाही हेच जंगलात कोणाला छातीठोक सांगता येत नव्हतं. पण निकामी मात्र होई. करंजाखाली असल्या निकामी किड्यांचा खच पडला.

मुंग्यांनी सूर्याचा जाहीर सत्कार केला. सूर्य कामात असल्यामुळे येऊ शकला नाही. त्याच्या नावची शाल वठलेल्या फांदीवर पांघरली. दुपारपर्यंत ती विटून गेली, तेव्हा सूर्यानं सत्कार स्वीकारला असं समजण्यात आलं.

आणि मग त्याच आनंदात एक ठराव झाला. ज्यानं ऊन खाल्लं तो शुद्ध, त्याला घर मोकळं. हरलेल्या शत्रूशी मोठ्या मनानं वागायला सगळ्यांनाच आवडतं. त्यात खर्च नसतो आणि चारचौघांत नाव होतं.

दारावर तुळसा नावाची मुंगी असे. हिला सगळ्यांचा संशय. पानावरचं दव आत येताना दिसलं तरी ती हटकायची. घरातल्या मुंग्या तिला आडून हसत. तुळसाला ते कळत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

एका सकाळी दारात एक भाजका झुलकिडा आला. झूल जागोजागी करपलेली, गोंडे झडलेले, चालताना एक पाय ओढतोय. नाव गोंडेराव. त्यानं अगदी पडल्या आवाजात सांगितलं की आता आपला कोणाला काही उपयोग नाही आणि त्रासही नाही. पडून राहायला जरा सावली मिळाली तर उपकार होतील. तुळसानं त्याला उलटसुलट करून पाहिलं. मग ती म्हणाली की जांभळावरचं घर खाल्लं ते तुम्हीच ना. गोंडेराव म्हणाला, ते दिवस गेले, बाई. तुळसानं वर विचारणा केली. वरून उत्तर आलं की ऊन दाखवलेलं आहे, तर अडवता कशाला.

गोंडेराव आत आला आणि सावलीत बसला. तासाभरात अर्ध्या घरानं त्याची विचारपूस केली.

भागाक्काही बघायला गेली. पण तिला गोंडेराव दिसलाच नाही. तिला झूल दिसली. बाळांनो, इतकं बारीक काम तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्यात ही भोकं, हे वितळलेले टाके, ही लोंबणारी दशी. एखाद्या चांगल्या घरच्या सुनेनं फाटकं नेसून दारात उभं राहावं, तसं तिला वाटलं. तिची नजर तिथून हलेना.

तिनं मनाची समजूत घातली. आपण काही झुलकिडा शिवत नाही. ते वाईट. आपण फक्त फाटलेलं सांधतोय. ते चांगलं. फाटकं दिसलं की रफू करायचं हा तर नियमच आहे, आणि त्यात कोणाचं हे कुठं लिहिलंय? भागाक्का मनानं सरळ होती. सरळ माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

पहिल्यांदा तिनं चिकटलेले टाके घेतले. कोवळ्या उन्हाची तिरीप जिथं येते तिथं झूल पसरली आणि त्या उजेडात एकेक टाका सोडवला. दुपारच्या उन्हानं जे चिकटवलं ते सकाळच्या उन्हात अलगद सुटत गेलं. सूर्याचा सत्कार झालाच होता. आता तो दोन्हीकडून कामाला येत होता.

मग भोकं. इथं तिला झुलीची खुबी कळली. दोन पदर उगीच नव्हते. वरच्या पदरावर मोर असेल तिथं खालच्या पदरावर लांडोर असे. वर कमळ, तर खाली भुंगा. नेहमी हीच जोडी, कधी चूक नाही. म्हणजे वरचा मोर जळाला असला तरी खालची लांडोर सांगे की इथं मोर होता. खालचा भुंगा गेला असला तर वरचं कमळ सांगे. भागाक्का हरखून गेली. तिनं ठमीला आणलं, तोंडात धरलं आणि मोराच्या जागी मोर, भुंग्याच्या जागी भुंगा भरत गेली. ठमी झोपेतच धागा सोडत होती.

तुळसा दारावरून येऊन बघून गेली. तिनं विचारलं की हा धागा बाळांच्या खोलीचा ना. भागाक्का म्हणाली, थोडासाच घेतलाय, आणि तू आपलं दार बघ.

सगळी झूल झाली आणि एक जागा राहिली. मधोमध, बोटभर. तिथं दोन्ही पदर एकाच ठिकाणी जळाले होते. वर काय होतं ते खाली विचारायची सोय नव्हती. भागाक्का त्या भोकासमोर बसून राहिली. तिनं खाणंपिणं सोडलं. अंदाजानं काहीतरी भरून टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एक फाटकं तिच्या हातून तसंच राहणार होतं आणि त्या विचारानं तिला रडू येत होतं.

गोंडेराव तिची समजूत घालू लागला.

"राहू द्या, ताई. तुम्ही एवढं केलंत तेच खूप झालं. आमच्या नशिबात भोकच आहे."

"नशिबाचं काय त्यात? नमुना हवा, पाहुणे. समोर नमुना असता तर मी डोळे मिटून भरलं असतं."

गोंडेरावानं सुस्कारा टाकला. मग त्याला सहज आठवल्यासारखं झालं. खाली आमचे भाऊबंद पडलेत, म्हणाला. तेही भाजलेले आहेत, पण ऊन काही सगळ्यांना एकाच जागी लागत नाही. माझं जिथं जळालंय तिथं त्यांचं शाबूत असेल. पण त्यांना कोण वर आणणार, आणि कशाला. राहू द्या.

भागाक्का तडक सभेकडे गेली.

तुळसा आडवी आली. निदान ही गोष्ट तिनं तोंडानं बोलून दाखवली. "आक्का, एक आला तो आला. ते सगळे एका घरात गोळा झाले तर?"

सभेनं तुळसाचं ऐकून घेतलं आणि मग तिला हिशोब समजावून सांगितला. एक भाजका किडा अगदी निरुपद्रवी असतो, हे सिद्ध झालेलं आहे. तर पुष्कळ भाजके किडे पुष्कळ निरुपद्रवी असणार. जितके जास्त आत घ्यावेत तितकं घर सुरक्षित. तुळसाला यात काय चुकतंय ते नीट सांगता येईना. सभेत गप्प बसलेल्याचं पटलं असं धरतात, म्हणून तिचंही पटलं असं धरण्यात आलं.

भाऊबंद आले. कोणाची कड जळालेली, कोणाचा मधला भाग, कोणाच्या झुलीत सगळं करपलेलं आणि फक्त कोपरा धड. एकटा एकटा बघितला तर एकातही दम नव्हता. आत आल्यावर मात्र प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणू लागला की तुझं जे गेलंय ते माझ्याकडे आहे. आपसात त्यांचं कधीच पटलं नव्हतं. आता एकदम गळ्यात गळे.

भागाक्कानं झुली एकमेकींवर पसरल्या. हिचा कोपरा घेतला, तिची कड घेतली, गोंडेरावाचा नवा रफू केलेला भाग घेतला, बोटभर भोकाच्या जागी दुसऱ्या एकाचं शाबूत कमळ आणि भुंगा उतरवून घेतले. सगळ्या तुकड्यांतून तिनं एक नवीकोरी झूल उभी केली. ती कोणा एकाची नव्हती. पण प्रत्येकजण सांगत होता की ती मूळची त्याचीच.

तोवर वारा सुटायला लागला होता. बाळांच्या खोलीचं पिवळं पान एका बाजूनं उचललं जाई आणि परत आपटे. तुळसा दारावरून पळत आली आणि म्हणाली की खोली आजच्या आज शिवायला घ्या. भागाक्का म्हणाली, घेते, हा शेवटचा बुट्टा तेवढा होऊ दे. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखर तसंच वाटत होतं.

शेवटचा टाका बसला. भागाक्का मागं सरली आणि झुलीत आपल्या रफूच्या खुणा शोधू लागली. कुठं रफू केलंय ते तिला स्वतःला शोधून सापडेना. एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. तिनं ठमीला कुरवाळलं आणि म्हणाली, बघ गं, तुझ्या धाग्याचं कसं सोनं झालं. ठमीचं पोट पाठीला लागलं होतं, तिनं काही डोळे उघडले नाहीत.

असं काम झाकून कसं ठेवणार? ते घराच्या मोठ्या दालनात टांगलं. राणीआई स्वतः आल्या. मानकरी आले. भागाक्काचा सत्कार ठरला. सगळ्या घरानं वर मान करून झूल पाहिली.

आणि ती पुरी होती.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. ओळखलं नसेल तर तुम्ही पुढंमागं सभेत जाल. घराचा दुसरा नियम होता ना? पुरा नमुना दिसला की शिवायचा. पुढच्या ओळीतल्या मुंग्यांनी हाताशी असलेली बाळं उचलली आणि शिवायला सुरुवात केली. मग मागच्या ओळींनी. कोणी कोणाला हुकूम दिला नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. गोंडेराव एका कडेला नम्रपणे उभा होता. सत्काराचं भाषण तयार होतं, पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

झुलीवरून झूल, झुलीवरून झूल. भागाक्काही शिवत होती. इतरांपेक्षा चांगलं शिवत होती. जाताजाता शेजारणीचा तिरका टाका सरळ करून देत होती. बाळांचा धागा संपला तेव्हा मुंग्यांनी घराच्या शिवणी उसवायला घेतल्या. पहिली उसवली ती बाळांच्या खोलीची, कारण ती सगळ्यांत जवळ होती.

मग वाऱ्याचा मोठा झोत आला. घर वरपासून खालपर्यंत उकललं. पिवळं पान बाळांसकट उडालं. हिरवी पानं, ज्यांना आता धरून ठेवणारा धागाच उरला नव्हता, ती आपापल्या जागी सरळ झाली आणि डुलायला लागली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की झाडाला काही झालेलंच नाही.

नव्या झुली घातलेले किडे फांदीवरून ओळीनं निघाले. कोणाला चटका नाही, कोणाला भोक नाही. पुढं गोंडेराव होता. झाडाखालून वर आणलेली, ऊन दाखवलेली भावंडंही नव्या झुली पांघरून आता निकामी राहिली नव्हती, फक्त रांगेत थोडी मागं होती. पलीकडच्या बेलावर लाल मुंग्यांचं एक नवं घर होतं, ओळ तिकडं चालली होती.

जगल्यावाचलेल्या मुंग्या उरलीसुरली बाळं उचलून वरच्या फांदीकडे पळत होत्या. तुळसाला पानाच्या देठाला लटकलेली ठमी सापडली. सुकून चिमटीएवढी झालेली, पण वळवळत होती. तुळसानं तिला तोंडात धरलं आणि भागाक्काला धक्का देऊन खुणेनं सांगितलं की चल.

भागाक्का हलली नाही. ती जाणाऱ्या रांगेकडे टक लावून बघत होती. एका झुलकिड्याच्या पाठीवर, डाव्या कडेला, गर्दीत शिवताना कोणाकडून तरी एक भुंगा अर्धा राहिला होता.

"अहो पाहुणे," ती म्हणाली, "जरा थांबता का?"

झुलकिडा थांबला.

भागाक्का तुळसाकडे वळली आणि तिनं पुढचा पाय पसरला. "ठमीला दे इकडं. एकच टाका राहिलाय."

तुळसाला पुष्कळ बोलायचं होतं. सभेत बोलायचं राहिलेलं, दारात बोलायचं राहिलेलं, सगळंच. पण तोंड उघडलं असतं तर ठमी खाली पडली असती. म्हणून ती काही न बोलता वळली आणि फांदी चढू लागली.

भागाक्का त्या अर्ध्या भुंग्यापाशी उभी राहिली. झुलकिडाही अदबीनं थांबला होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

तात्पर्य : बाळांनो, शत्रू अर्धवट मेला म्हणून कधी निराश होऊ नये. आपल्याच घरात एखादं गुणी माणूस असतंच, ते त्याला उभं करतं. असं माणूस सापडलं की त्याचा आधीच सत्कार करून घ्यावा, कारण नंतर दालन उरत नाही. आणि दारावरच्यांना तोंडात काहीतरी धरायला द्यावं, म्हणजे घरात शांतता राहते.